विश्लेषण : ज्यू कोण हे कायदा ठरवतो, ज्यू का राहायचे हे कोण ठरवणार?

हमासने ७ ऑक्टोबर २०२३ रोजी इस्रायलवर केलेला हल्ला आणि त्यानंतर गाझात झालेला प्रचंड विध्वंस यावर जगभर चर्चा झाली ती सीमा, शस्त्रे, ओलीस आणि युद्धबंदी यांची. या चर्चेच्या आड आणखी एक प्रश्न उभा राहिला. न्यूयॉर्क, लंडन, पॅरिस किंवा मुंबईत राहणाऱ्या, इस्रायलचा नागरिक नसलेल्या ज्यू माणसाच्या मनातला तो प्रश्न. आपण ज्यू आहोत म्हणजे नेमके काय आहोत? देवावर विश्वास नसेल, इस्रायल सरकारचे धोरण पटत नसेल, सिनेगॉगमध्ये वर्षातून एकदाच जाणे होत असेल, तरी आपण ज्यू का राहायचे? हा प्रश्न जुनाच आहे, पण गेल्या काही वर्षांत तो टाळणे अनेकांना अशक्य झाले. त्याची मुळे कुठे आहेत आणि त्याची कोणती उत्तरे दिली जात आहेत, याचा हा आढावा.

धर्म, वंश की राष्ट्र?

जगात ज्यूंची संख्या दीड कोटीहून थोडी अधिक आहे. त्यातले निम्म्याच्या आसपास इस्रायलमध्ये राहतात आणि उरलेल्यांपैकी बहुतेक अमेरिकेत. एवढ्या छोट्या समाजाची व्याख्या करणे सोपे असेल असे वाटते. प्रत्यक्षात ते फार अवघड आहे. ख्रिस्ती माणसाने येशूवरचा विश्वास सोडला, तर तो ख्रिस्ती राहिला नाही असे म्हणता येते. ज्यू माणसाने देव नाकारला, तरी ज्यू धर्मशास्त्राच्या दृष्टीनेही तो ज्यूच असतो. म्हणजे हा निव्वळ धर्म नाही. पण चीनमधील किंवा आफ्रिकेतील कोणीही माणूस रीतसर धर्मांतर करून ज्यू होऊ शकतो. म्हणजे हा निव्वळ वंशही नाही. राष्ट्र म्हणावे, तर निम्मे लोक त्या राष्ट्राचे नागरिक नाहीत आणि त्यातल्या अनेकांना तसे व्हायचेही नाही.

मराठी वाचकाला जात, कुळाचार, पंथ आणि भाषा यांची गुंतागुंत परिचयाची असल्याने ही कल्पना तितकीशी परकी वाटू नये. घरात पूजाअर्चा न करणाराही कुलदैवताला जातो आणि त्यात त्याला विसंगती वाटत नाही. ज्यू ओळखही अशीच धर्म, नातेगोते, इतिहास आणि सवयी यांच्या धाग्यांनी विणलेली आहे. यातला कोणता धागा मुख्य, यावर मात्र एकमत नाही.

ज्यू कोण, हे कोण ठरवते?

पारंपरिक धर्मशास्त्राचे, म्हणजे हलाखाचे, उत्तर स्पष्ट आहे. ज्यू आईच्या पोटी जन्मलेला किंवा धर्मशास्त्रानुसार धर्मांतर केलेला माणूस ज्यू. वडील ज्यू आणि आई अन्यधर्मीय असेल, तर मूल ज्यू ठरत नाही. अमेरिकेतील सुधारणावादी, म्हणजे रिफॉर्म, पंथाने १९८३ मध्ये ही अट सैल केली. आई किंवा वडील यांपैकी कोणीही एक ज्यू असेल आणि मुलाची वाढ ज्यू म्हणून झाली असेल, तर त्याला ज्यू मानावे असा निर्णय या पंथाने घेतला. सनातनी, म्हणजे ऑर्थोडॉक्स, पंथाला तो मान्य नाही. त्यामुळे एका सिनेगॉगमध्ये ज्यू असलेली व्यक्ती दुसऱ्या सिनेगॉगमध्ये ज्यू नसते, अशी स्थिती आज प्रत्यक्षात आहे.

इस्रायलने १९५० मध्ये ‘परतीचा कायदा’ केला आणि जगातील कोणत्याही ज्यूला देशात येऊन स्थायिक होण्याचा हक्क दिला. त्यात ज्यू कोण, याची व्याख्या नव्हती. ती नसल्याचे परिणाम लवकरच न्यायालयात दिसले. पोलंडमध्ये ज्यू कुटुंबात जन्मलेल्या ऑस्वाल्ड रुफायझेन यांनी नाझी काळात अनेक ज्यूंचे प्राण वाचवले होते. लपून राहत असताना त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पुढे ते ब्रदर डॅनियल नावाने कार्मेलाइट पंथाचे संन्यासी झाले. ज्यू म्हणून नागरिकत्व मिळावे, ही त्यांची मागणी इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये फेटाळली. धर्मशास्त्राच्या दृष्टीने ते ज्यू होते. देशाच्या कायद्यासाठी नव्हते.

१९७० मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. आई ज्यू असलेला किंवा धर्मांतर केलेला आणि अन्य कोणत्याही धर्माचा सदस्य नसलेला तो ज्यू, अशी व्याख्या आली. त्याच वेळी स्थलांतराचा हक्क मात्र ज्यूंची मुले, नातवंडे आणि त्यांचे जोडीदार यांच्यापर्यंत वाढवण्यात आला. परिणामी सोव्हिएत संघ कोसळण्याच्या काळापासून इस्रायलमध्ये आलेल्या सुमारे दहा लाख लोकांपैकी काही लाख लोक नागरिक आहेत, हिब्रू बोलतात, सैन्यात जातात, पण धर्मपीठाच्या दृष्टीने ज्यू नाहीत. देशात नागरी विवाहाची सोय नसल्याने त्यांना लग्नासाठी परदेशात जावे लागते.

कोकणातल्या ज्यूंना पुरावा का द्यावा लागला?

या वादाचा सर्वांत बोलका अध्याय महाराष्ट्राशी जोडलेला आहे. बेने इस्रायली समाजाच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे जहाज अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर फुटले. त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. हे कधी घडले याबद्दल मतभेद आहेत. पण शतकानुशतके हा समाज कोकणात तेल गाळण्याचा व्यवसाय करत राहिला आणि शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत घाणा बंद ठेवत राहिला, हे निश्चित. म्हणूनच शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनिवार तेली’ हे नाव दिले. पेणकर, नवगावकर, दिवेकर, केहिमकर अशी गावांवरून आलेली आडनावे त्यांनी घेतली आणि मराठी ही त्यांची मातृभाषा झाली.

जगातील ज्यू विद्यापीठांपासून आणि रब्बींपासून हा समाज दीर्घकाळ तुटलेला होता. तरी मुलाची आठव्या दिवशी सुंता, शब्बाथची विश्रांती, खवले नसलेले मासे वर्ज्य आणि ‘शेमा’ ही मूळ प्रार्थना एवढे त्यांनी टिकवले. सणांची हिब्रू नावे विसरली गेली, तेव्हा मराठी नावे आली. नव्याचा सण, खिरीचा सण, जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक पाळून उपवास सोडताना बिरडे खायचा तो बिरड्याचा सण. एलियाहू हनाबी, म्हणजे प्रेषित एलियाहू, यांच्या स्मरणार्थ गोड पोहे, खोबरे आणि फळे यांचा मलिदा हा विधी तर जगातील इतर ज्यूंना ठाऊकही नव्हता. डेव्हिड रहाबी या परदेशी ज्यू गृहस्थाने स्त्रियांपुढे मिश्र मासळी ठेवली, त्यांनी खवले नसलेली मासळी बाजूला काढली आणि त्यावरून हे ज्यूच असल्याची त्याची खात्री पटली, अशी आख्यायिका हा समाज आजही सांगतो. मुंबईत १७९६ मध्ये सॅम्युएल दिवेकर यांनी ‘शाआर हारहामीम’ हे शहरातील पहिले सिनेगॉग बांधले. मशीद बंदर स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले, असे सांगितले जाते.

१९४८ नंतर हा समाज मोठ्या संख्येने इस्रायलला गेला. तिथे १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मुख्य धर्मपीठाने बेने इस्रायलींशी विवाह लावण्यापूर्वी त्यांच्या आईकडच्या पिढ्यांची चौकशी करण्याचे निर्देश विवाह नोंदणाऱ्या रब्बींना दिले. भारतात असताना घटस्फोट आणि पुनर्विवाह धर्मशास्त्राच्या रीतीने झाले नसतील, तर वंश शुद्ध कसा मानायचा, अशी ही शंका होती. कोकणात ज्यांच्या ज्यू असण्यावर शेजाऱ्यांनी कधी शंका घेतली नाही, त्यांना ज्यूंच्याच देशात पुरावा मागण्यात आला.

१९६४च्या उन्हाळ्यात बेने इस्रायली कुटुंबे जेरुसलेममध्ये धरणे धरून बसली. पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारने हस्तक्षेप केला. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायली हे सर्वार्थाने ज्यू असल्याचा निर्वाळा दिला आणि धर्मपीठाने निर्देशांतून या समाजाचा नामोल्लेख काढून टाकला. लढा जिंकला गेला. पण त्यातून एक गोष्ट उघड झाली. ‘कोण’ या प्रश्नाचे उत्तर संसद, न्यायालय किंवा धर्मपीठ देऊ शकते. तेल्याने दर आठवड्याला एक दिवसाची कमाई का सोडली, याचे उत्तर त्यांच्यापैकी कोणाकडेच नव्हते.

हा प्रश्न वैयक्तिक कधी झाला?

युरोपात अठराव्या शतकापर्यंत ‘मी ज्यू का राहू’ असे विचारण्याची वेळ सहसा येत नसे. कर, न्याय, विवाह, दफन हे सर्व ज्यू समाजसंस्थेच्या हाती होते. तिच्याबाहेर पडायचे, तर ख्रिस्ती व्हावे लागे. ॲमस्टरडॅममधील ज्यू समाजाने १६५६ मध्ये तत्त्वज्ञ बारूख स्पिनोझा यांना बहिष्कृत केले आणि त्यांनी दुसरा धर्मही स्वीकारला नाही, म्हणून तर त्यांचे उदाहरण आजही सांगितले जाते.

फ्रेंच राज्यक्रांतीनंतर १७९१ मध्ये फ्रान्सने ज्यूंना समान नागरिकत्व दिले आणि पुढील शतकात ही लाट युरोपभर पसरली. त्यामागे एक अलिखित सौदा होता. व्यक्ती म्हणून सर्व हक्क मिळतील, मात्र समाज म्हणून वेगळे अस्तित्व सोडावे लागेल. ज्यू असणे ही आता खासगी श्रद्धा ठरली. आणि जे खासगी आहे, ते सोडताही येते. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील अनेक सुशिक्षित ज्यूंनी ते सोडलेही.

फ्रान्झ रोझेन्झवाइग हे जर्मन तत्त्वज्ञही त्याच वाटेवर होते. १९१३ मध्ये त्यांनी ख्रिस्ती होण्याचे ठरवले होते. त्याच वर्षी ‘योम किप्पूर’ या प्रायश्चित्ताच्या दिवशी ते बर्लिनमधील एका सिनेगॉगमध्ये गेले आणि त्यानंतर त्यांनी विचार बदलला. पुढे १९२० मध्ये त्यांनी फ्रँकफर्टमध्ये प्रौढांसाठी ज्यू शिक्षणाचे केंद्र सुरू केले. परंपरेपासून दूर गेलेल्या माणसांनी बाहेरून आत यावे, आपल्या शंका सोबत घेऊन यावे, हे त्याचे सूत्र होते. प्रार्थनेच्या वेळी बांधायचे चर्मपट्टे तुम्ही बांधता का, असे विचारल्यावर त्यांनी ‘अजून नाही’ असे उत्तर दिल्याचे सांगतात. आज अर्थाच्या शोधात असलेल्या बहुतेक ज्यूंची अवस्था त्या ‘अजून’ या शब्दात आहे. नियम मोडल्याची त्यात अपराधी भावना नाही आणि नाते तोडल्याची घोषणाही नाही.

आकडे काय सांगतात?

या बदलाचे सर्वांत तपशीलवार चित्र अमेरिकेतील ‘प्यू रिसर्च सेंटर’च्या २०२० मधील सर्वेक्षणातून मिळते. अमेरिकेतील प्रौढ ज्यूंपैकी २७ टक्के लोक स्वतःला धर्माने ज्यू म्हणवत नाहीत. वंश, संस्कृती किंवा कुटुंब म्हणून म्हणवतात. तिशीच्या आतील ज्यूंमध्ये हे प्रमाण ४० टक्के आहे. त्याच वयोगटात ऑर्थोडॉक्स ज्यूंचे प्रमाण मात्र १७ टक्के आहे, तर एकूण प्रौढांमध्ये ते ९ टक्केच आहे. म्हणजे नव्या पिढीत दोन्ही टोके वाढत आहेत आणि मधला भाग आकसत आहे. २०१० नंतर विवाह केलेल्या ज्यूंपैकी ६१ टक्क्यांचा जोडीदार ज्यू नाही.

ज्यू असण्यात तुमच्यासाठी अत्यावश्यक काय, या प्रश्नाची उत्तरे आणखी बोलकी आहेत. ७६ टक्क्यांनी नाझी वंशसंहाराचे स्मरण असे सांगितले. ७२ टक्क्यांनी नैतिक जीवन, ५९ टक्क्यांनी न्याय आणि समतेसाठी काम, ४५ टक्क्यांनी इस्रायलविषयी आस्था म्हटले. ३४ टक्क्यांनी विनोदबुद्धी म्हटले. धर्मशास्त्राचे पालन अत्यावश्यक म्हणणारे १५ टक्केच निघाले.

वरवर पाहता धर्म संपत चालल्याचे हे लक्षण वाटते. पण त्याच सर्वेक्षणात ६२ टक्के लोकांनी वल्हांडणाच्या सणाचे ‘सेडर’ हे विधिवत भोजन घरी केले किंवा त्याला हजेरी लावली आणि ४६ टक्क्यांनी योम किप्पूरचा पूर्ण किंवा काही वेळ उपवास केला, असेही दिसले. नियम अत्यावश्यक नाहीत असे म्हणणारी माणसे सेडरला मात्र जमतात. ही विसंगती समजून घेतली, तर या समाजाची आजची अवस्था बरीचशी समजते.

७ ऑक्टोबरनंतर काय बदलले?

हमासच्या हल्ल्यात सुमारे १,२०० लोक मारले गेले आणि २५१ जणांचे अपहरण झाले. त्यानंतरच्या इस्रायली कारवाईत गाझाच्या आरोग्य खात्यानुसार साठ हजारांहून अधिक पॅलेस्टिनी मृत्युमुखी पडले. इस्रायलबाहेरच्या ज्यूंवर या घटनांचा परिणाम दोन विरुद्ध दिशांनी झाला.

अनेकांना आपण एकटे पडल्याचे जाणवले. विद्यापीठांत, कार्यालयांत, मित्रमंडळींत हल्ल्याविषयीची सहानुभूती अपेक्षेपेक्षा लवकर आटली, असे त्यांना वाटले. गळ्यात डेव्हिडचा तारा न घालणाऱ्यांनी तो घालायला सुरुवात केली, तर नेहमी घालणाऱ्यांनी तो सदऱ्याच्या आत सरकवला. २ ऑक्टोबर २०२५ रोजी, योम किप्पूरच्याच दिवशी, मँचेस्टरमधील सिनेगॉगवर झालेल्या हल्ल्यात दोन ज्यू मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सिडनीच्या बॉन्डाय किनाऱ्यावर हनुक्का सणासाठी जमलेल्यांवर गोळीबार झाला. इस्रायल सरकारच्या धोरणांशी काहीही संबंध नसलेली माणसे केवळ ज्यू म्हणून लक्ष्य झाली.

दुसऱ्या बाजूला, आपल्या नावाने होणारे युद्ध सहन न झालेले ज्यूही होते. २७ ऑक्टोबर २०२३ रोजी न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात शेकडो ज्यू निदर्शकांनी युद्धबंदीच्या मागणीसाठी ठिय्या दिला आणि अटक करवून घेतली. ती शुक्रवारची संध्याकाळ होती, म्हणजे शब्बाथ सुरू होण्याची वेळ. अमेरिकी लेखक पीटर बाइनार्ट यांनी २०२५ मधील आपल्या पुस्तकात गाझाच्या विध्वंसानंतर ज्यू असणे म्हणजे काय, हाच प्रश्न घेतला. बाइनार्ट स्वतः धर्माचरण करणारे ज्यू आहेत. त्यांच्या भूमिकेवर ज्यू समाजातून कडाडून टीका झाली. अनेक घरांत पालक आणि मुले एकाच सेडरच्या टेबलावर बसून गुलामीतून मुक्तीची तीच कथा वाचत होती आणि त्या कथेतला फारो आज कोण, यावर भांडत होती.

लक्षात घेण्याजोगी बाब अशी की दोन्ही बाजूंच्या माणसांनी आपल्या भूमिकेचा आधार ज्यू परंपरेतच शोधला. तोपर्यंत जे परंपरेकडे फिरकत नव्हते, त्यांनीही. पण एकजण परंपरेत संरक्षणाचे कर्तव्य वाचतो आणि दुसरा परक्यावर अन्याय न करण्याची आज्ञा. दोन्ही गोष्टी तिथे आहेत.

भीतीवर ओळख उभी राहते का?

वंशसंहाराचे स्मरण हा ७६ टक्के लोकांसाठी ज्यू असण्याचा गाभा असेल, तर त्याचे कारण समजण्यासारखे आहे. साठ लाख माणसे मारली गेली. १९३५च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी माणसाची श्रद्धा विचारली नाही, आजी-आजोबा मोजले. ख्रिस्ती चालीरीतीत वाढलेल्या घरांनाही छळछावणीचा रस्ता दाखवला गेला. या इतिहासानंतर ‘माझा ज्यू असण्याशी संबंध नाही’ असे म्हणणे अनेकांना मृतांशी केलेली प्रतारणा वाटते. एमिल फाकेनहाइम या तत्त्वज्ञाने तर ६१३ पारंपरिक आज्ञांमध्ये ६१४ व्या आज्ञेची भर घातली. हिटलरला मरणोत्तर विजय मिळू देऊ नये, असा तिचा आशय.

ही प्रेरणा बळकट आहे, पण तिला मर्यादा आहे. शत्रू तुम्हाला तुमची ओळख विसरू देत नाही, एवढेच तो करू शकतो. त्या ओळखीने शुक्रवारी संध्याकाळी काय करायचे, मुलाचे नाव काय ठेवायचे, वडील गेल्यावर शोक कसा पाळायचा, हे तो सांगत नाही. केवळ भीतीवर वाढलेली मुले परिस्थिती निवळल्यावर भीतीबरोबर ओळखही टाकून देतात. राज्यावर बेतलेल्या ओळखीचेही तेच होते. सरकार बदलले की अभिमान किंवा लाज बदलते आणि ज्यू असणे हे दुसऱ्या देशाच्या निवडणूक निकालावर अवलंबून राहते.

मग अर्थ कुठे सापडतो?

सेडरला जमणाऱ्या ६२ टक्क्यांकडे पुन्हा पाहू. ज्यू परंपरेत श्रद्धेची कबुली ही पहिली पायरी नाही. आचार आधी, आकलन नंतर, असा क्रम तिने जुन्या काळापासून मानला आहे. त्यामुळे न मानणाऱ्यालाही दार उघडे राहते. सेडरमध्ये घरातील सर्वांत लहान मूल ठरलेले चार प्रश्न विचारते आणि मोठ्यांना उत्तरे द्यावी लागतात. देव मानता का, हे त्यात कोणी विचारत नाही. पुण्यात १८७४ मध्ये छापलेल्या हिब्रू-मराठी ‘हगादा’मधून बेने इस्रायली घरांनी हेच प्रश्न मराठीत समजून घेतले.

अभ्यास ही दुसरी वाट. रब्बी मेयर शापिरो यांनी १९२३ मध्ये ‘दाफ योमी’ ही पद्धत सुरू केली. तालमूद या विशाल ग्रंथाचे रोज एक पान, जगभर सर्वांनी तेच पान वाचायचे. २,७११ पानांचे हे आवर्तन सुमारे साडेसात वर्षांत पूर्ण होते. जानेवारी २०२० मध्ये तेरावे आवर्तन पूर्ण झाले, तेव्हा न्यूयॉर्कजवळच्या क्रीडागारात सुमारे ९० हजार लोक जमले. एकेकाळी पुरुषांपुरता असलेला हा अभ्यास आता स्त्रियाही मोठ्या संख्येने करतात आणि धर्मनिष्ठ नसलेलेही. तालमूदमध्ये बहुतेक प्रश्नांवर दोन बाजू असतात आणि हरलेल्या बाजूचे मतही जपून ठेवलेले असते. आजच्या भांडणाच्या काळात अनेकांना ही शिस्त आपलीशी वाटते.

तिसरी गोष्ट सर्वांत साधी आणि बहुधा सर्वांत महत्त्वाची. आई-वडील गेल्यावर मुलगा अकरा महिने ‘कद्दिश’ ही प्रार्थना म्हणतो. या प्रार्थनेत मृत्यूचा उल्लेखही नाही. ती ईश्वराची स्तुती आहे. पण ती एकट्याने म्हणता येत नाही. त्यासाठी दहा प्रौढ ज्यूंचा ‘मिन्यान’ लागतो. ऑर्थोडॉक्स पंथात हे दहाही पुरुष असावे लागतात, रिफॉर्म पंथात स्त्रियाही मोजल्या जातात आणि अमेरिकेतील कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाने १९७३ मध्ये स्त्रियांना मोजायला परवानगी दिली. नऊ जण जमले की दहाव्याला फोन जातो. तो नास्तिक असेल, पण त्याच्यावाचून शेजाऱ्याचा शोक अडलेला असतो. म्हणून तो जातो. ‘मी ज्यू का’ याचे उत्तर त्याला ग्रंथातून मिळाले नसेल. कोणाला तरी आपली गरज आहे, या अनुभवातून मिळते.

आक्षेप काय आहेत?

सनातनी ज्यूंचा आक्षेप गंभीर आहे. आवडेल ते घ्यायचे, नावडेल ते सोडायचे, अशी ओळख एक पिढी टिकेल, पण नातवंडांपर्यंत पोहोचेल का? तिशीच्या आतील आकडे पाहता या शंकेत तथ्य आहे. नियमांचे ओझे वाहणारी घरे आपली संख्या वाढवत आहेत.

उलट बाजूचा आक्षेपही तितकाच खरा आहे. ज्यांना परंपरेने बाहेर ठेवले, त्यांनी तिच्यात अर्थ कसा शोधावा? वडील ज्यू असलेली मुले, इस्रायलमध्ये वर्णभेद सोसलेले इथिओपियन ज्यू, धर्मन्यायालयात नवऱ्याने घटस्फोट न दिल्याने वर्षानुवर्षे अडकून पडलेल्या स्त्रिया यांचा हा सवाल आहे. इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये देशात रिफॉर्म आणि कॉन्झर्व्हेटिव्ह पंथांतून झालेली धर्मांतरे नागरिकत्वासाठी ग्राह्य धरली. पण त्याच लोकांचे लग्न लावायला धर्मपीठ आजही तयार नाही. दहाव्या माणसाची गरज असूनही दाराशी आलेल्याला परत पाठवले जाते, असा याचा अर्थ होतो.

कोकणातून आज काय दिसते?

अर्थ वैयक्तिक असला, तरी तो एकट्याला निर्माण करता येत नाही, हे सर्वांत ठळकपणे दिसते ते महाराष्ट्रात. विसाव्या शतकाच्या मध्यावर बेने इस्रायलींची संख्या वीस हजारांच्या आसपास होती. आज भारतातील सर्व ज्यू मिळून काही हजारच उरले आहेत. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, त्यामुळे नोंदणी आणि शिक्षणसंस्था यांसारख्या बाबी सुकर झाल्या. इथे त्यांना शेजाऱ्यांकडून छळ सोसावा लागला नाही, ही बाब समाजातील लोक अभिमानाने सांगतात. २००८ मध्ये नरिमन हाउसवर झालेला हल्ला सीमेपलीकडून आला होता. छळ नसतानाही हा समाज शतकानुशतके ज्यू राहिला. ज्यू ओळख केवळ द्वेषामुळे टिकते, या समजाला यापेक्षा चांगले उत्तर नाही.

या समाजापुढचे संकट वेगळे आहे. अलिबागच्या ‘मागेन अबोथ’ सिनेगॉगची स्थापना १८४८ मध्ये झाली. इमारत आहे, ग्रंथ आहेत, दिवा आहे. पण कोकणातल्या सिनेगॉगांत प्रार्थनेसाठी दहा पुरुष जमवणे कठीण झाले आहे. सणाला मुंबई-ठाण्याहून माणसे येतात, तेव्हा संख्या भरते. कायदा, दर्जा आणि वारसास्थळाची पाटी यांतले काहीही तो दहावा माणूस आणून देऊ शकत नाही.

इस्रायलमध्ये भारतीय वंशाचे सुमारे ८५ हजार ज्यू राहतात. दिमोना, अश्दोद, लोद, बेअर शेवा या शहरांतील घरांमध्ये लग्नापूर्वी किंवा नवस फेडताना आजही मलिदा होतो. ताटात पोहे, खोबरे, फळे असतात आणि एलियाहू हनाबीचे नाव घेतले जाते. नव्या पिढीला मराठी बोलता येत नाही, तरी अनेकांना ‘मलिदा’ हा शब्द येतो. धर्मपीठाच्या अर्जात या विधीसाठी रकाना नाही आणि लग्न लागण्यासाठी त्याची अटही नाही. तरीही आजी पोहे भिजवते आणि नातवंडे ताटाभोवती बसतात.